मेश नेटवर्कमध्ये दुसऱ्याचं पॅकेट कुणी का वाहावं?

प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या प्रकल्पासाठी एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये फिरत्या नोडचं (रेडिओ असलेल्या यंत्रांचं) ॲड हॉक नेटवर्क उभं केलं आहे, म्हणजे मध्यवर्ती टॉवर नाही, नोडच एकमेकांची पॅकेट पुढे नेतात. राउटिंगला, म्हणजे मार्ग शोधायला, एओडीव्ही हा प्रोटोकॉल आहे. काही नोड ‘स्वार्थी’ ठेवले आहेत, म्हणजे ते दुसऱ्यांची डेटा पॅकेट गिळून टाकतात. गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचं गणित, वापरून त्यांना सहकार्याला लावायचं आहे. रेप्युटेशन (चांगलं-वाईट नाव), क्रेडिट (वाहण्याची मजुरी) की ‘जशास तसे’ (समोरचा वागला तसं वागणं), यांतलं काय घ्यावं? आणि खऱ्या नेटवर्कमध्ये यातलं काय चालतं?

आधी सरळ उत्तर. प्रकल्पापुरतं निवडायचं असेल तर क्षमाशील ‘जशास तसे’ घ्या. मात्र ते पॅकेटगणिक लावू नका, काही सेकंदांच्या सरासरीवर लावा. खऱ्या नेटवर्कचं म्हणाल, तर मी ज्या मेश नेटवर्कांत हात घातला त्यांपैकी एकातही यातली कुठली योजना कागदावरून जशीच्या तशी उतरलेली दिसली नाही. तरीही ती नेटवर्कं चालतात. असं का होतं हे समजून घेतलंत तर तुमचा प्रबंध नेहमीच्या ‘स्वार्थी नोड वाढले, थ्रूपुट घसरला, आमची योजना लावली, थ्रूपुट वाढला’ या आलेखाच्या पुढे जाईल (थ्रूपुट म्हणजे दर सेकंदाला प्रत्यक्ष पोहोचणारा डेटा).

पहिली अडचण तुमच्या स्वार्थी नोडचीच आहे. तो स्वार्थी असला तरी हुशार नाही. एओडीव्हीत तो मार्गाची विनंती इमानदारीनं पुढे पाठवतो, स्वतःला मार्गात बसवून घेतो, आणि मग डेटा आला की टाकतो. ज्याला खरंच काम टाळायचंय तो असं कशाला करेल? तो मार्गाची विनंतीच पुढे पाठवणार नाही, किंवा मुद्दाम उशिरा पाठवेल. मार्ग त्याच्यावरून गेलाच नाही, तर पकडणार काय? ओएलएसआर या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये तर लपवाछपवीचीही गरज नाही. त्याचा तपशील देणाऱ्या ऑक्टोबर २००३ च्या आरएफसी ३६२६ या दस्तऐवजानुसार प्रत्येक नोडच्या हॅलो संदेशात ‘तयारी’ सांगणारा आकडा असतो, ० ते ७. ० म्हणजे ‘माझ्यावरून काहीही नेऊ नका’, ७ म्हणजे ‘कायम न्या’, आणि न सांगता धरलेला आकडा ३. बॅटरी संपत आलेल्या नोडनं शून्य सांगणं पूर्ण नियमात बसतं. ८०२.११एस या वायफाय मानकाच्या मेशमध्येही फॉरवर्डिंग बंद करायची सेटिंग लिनक्समध्ये उघड दिलेली आहे, एका कमांडचं काम. प्रोटोकॉलच जिथे नकार मान्य करतो तिथे ‘गैरवर्तन’ कशाला म्हणायचं हे आधी तुम्हाला ठरवावं लागेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जवळजवळ प्रत्येक पेपर ‘फॉरवर्ड केल्यानं ऊर्जा खर्च होते म्हणून नोड स्वार्थी होतो’ या वाक्यानं सुरू होतो. पण लॉरा फीनी आणि मार्टिन निल्सन यांनी २००१ मध्ये वायफाय कार्डांची ऊर्जा मोजली तेव्हा दिसलं, की नुसता जागा राहून ऐकत बसलेला रेडिओ प्रत्यक्ष पॅकेट घेणाऱ्या रेडिओच्या जवळपास ऊर्जा खातो. म्हणजे चार पॅकेट टाकून वाचतं ते किरकोळ, खरी बचत रेडिओ झोपवण्यात आहे. तर्कानं चालणारा स्वार्थी नोड पॅकेट गाळत बसत नाही, स्वतःचं काम संपलं की तो झोपतो. आणि झोपलेल्या नोडला ‘पॅकेट टाकलंस’ असं म्हणता येत नाही.

मग फॉरवर्ड करण्याची खरी किंमत कुठे मोजावी लागते? एअरटाइममध्ये, म्हणजे रेडिओ चॅनेल वापरायला मिळणाऱ्या वेळात. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये दाखवलं, की नोड वाढत जातात तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग साधारण नोडसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत जातो, कारण प्रत्येकाचा बराचसा वेळ इतरांचं वाहण्यातच जातो. छपरावरचा राउटर घरच्या विजेवर चालतो, त्याला बॅटरीची चिंता नाही. पण शेजाऱ्याचा व्हिडिओ त्याच्यावरून चालला असताना घरातला कॉल अडखळला, की मालकाच्या डोक्यात स्वार्थ जागा होतो. तुमच्या मॉडेलमध्ये खर्चाच्या रकान्यात मिलिज्यूल असतील तर त्यांच्या जागी, किंवा निदान त्यांच्या जोडीला, मिलिसेकंद घाला.

आता खेळाकडे येऊ. दोन नोड, प्रत्येकाला दुसऱ्यावरून पॅकेट न्यायचंय. आपलं पॅकेट पोहोचल्याचा लाभ ५, दुसऱ्याचं वाहण्याचा खर्च १. दोघांनी वाहिलं तर दोघांना ४-४. त्यानं वाहिलं, मी टाकलं, तर मला ५ आणि त्याला उणे १. दोघांनी टाकलं तर शून्य. हा सरळ प्रिझनर्स डिलेमा आहे: एकट्यानं टाकणं प्रत्येकाला फायद्याचं, पण दोघांनी टाकलं तर दोघांचंही नुकसान. एकच फेरी असेल तर दोघंही टाकतील. फेऱ्या चालू राहणार असतील आणि ‘तू एकदा टाकलंस तर मी कायमचं टाकेन’ ही धमकी खरी असेल, तर पुढची फेरी होण्याची शक्यता खर्च भागिले लाभ, म्हणजे ०.२ पेक्षा जास्त असली की सहकार्य टिकतं. इतकं सोपं वाटतं म्हणूनच या विषयावर पेपरांचा पूर आला.

पण हा दोघांचा खेळ नाही. कोकणात आणि घाटावर शेतीत सावड चालते. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. ती टिकते कारण माझ्या शेतात कोण राबलं हे मला दिसतं आणि फेड त्याच माणसाची करायची असते. ॲड हॉक नेटवर्कमध्ये या दोन्ही गोष्टी गळतात. पाच नोडची सरळ रांग घ्या. टोकाच्या दोघांवरून कुणाचंच काही जात नाही, मधल्यावरून सगळ्यांचं जातं. टोकाचा नोड मधल्याचे उपकार फेडणार तरी कसा, आणि मधला त्याला शिक्षा करणार ती कशाच्या बदल्यात? मार्क फेलेगीहाझी, जाँ-पिएर ह्युबो आणि लेव्हेन्ते बुट्यान यांच्या २००६ च्या पेपरचा गाभा हाच आहे. स्थिर नेटवर्कमध्ये नोडांच्या परस्परावलंबनाचे फेरे नीट जुळून आले तरच प्रोत्साहनाशिवाय सहकार्याचा नॅश समतोल (एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) उभा राहतो, आणि यदृच्छेनं पसरलेल्या नेटवर्कमध्ये ते जुळून येणं फार दुर्मीळ. तुमच्या सिम्युलेशनमध्ये एक काम जरूर करा: प्रत्येक नोडसाठी तो कुणाकुणावर अवलंबून आहे आणि त्याच्यावर कोण अवलंबून आहे याचा आलेख काढा. किती नोडांना मुळात ‘जशास तसे’ खेळताच येत नाही ते तिथेच कळेल.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पाठ्यपुस्तकातून उचललेल्या प्रकल्पांत तो हमखास सुटतो: समोरच्यानं वाहिलं की टाकलं, हे तुम्हाला कळतं कसं?

स्टॅनफर्डच्या सर्जिओ मार्टी, टी. जे. ज्युली, केव्हिन लाय आणि मेरी बेकर यांनी २००० मध्ये ‘वॉचडॉग’ मांडला. पॅकेट पुढे दिल्यावर कान देऊन ऐकायचं. शेजाऱ्यानं ते पुढे पाठवलेलं ऐकू आलं नाही तर त्याच्या नावावर खूण करायची. सोबत ‘पाथरेटर’, जो खूण झालेल्यांना टाळून मार्ग काढतो. ४० टक्के नोड गैरवर्तनी असतानाही थ्रूपुट १७ टक्क्यांनी वाढला. राउटिंगचा अधिभार (मार्ग शोधण्या-राखण्याच्या संदेशांचा वाटा) मात्र ९ वरून १७ टक्क्यांवर गेला. वॉचडॉग कुठे फसतो याची यादी त्यांनी स्वतःच दिली होती: ऐकणाऱ्यापाशी टक्कर, घेणाऱ्यापाशी टक्कर, मुद्दाम कमी शक्तीनं पाठवणं, खोटा आरोप, संगनमत, थोडी थोडी गळती. त्यातली गंमत पाहा, पाथरेटर कामचुकाराला मार्गातून वगळतो, म्हणजे त्याला हवं तेच देतो. त्याची स्वतःची पॅकेट मात्र बाकीचे वाहतच राहतात. याला शिक्षा कसं म्हणायचं? आयत्या बिळावर नागोबा, वर बिळाची झाडलोटही दुसऱ्यांनी करायची.

शिवाय हा वॉचडॉग २००० सालच्या रेडिओंसाठी होता. आज दोन दुव्यांवर वेग वेगवेगळा असतो, अँटेना दिशादर्शक असतात, कधी पुढचा दुवा वेगळ्याच चॅनेलवर असतो. सुरक्षित ८०२.११एस मेशमध्ये तर प्रत्येक जोडीची किल्ली वेगळी, त्यामुळे शेजाऱ्यानं पुढे पाठवलेली फ्रेम कानावर आली तरी आत माझंच पॅकेट आहे का, हे उलगडत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की एका टप्प्यावरून ऐकण्यापेक्षा टोकाकडून, म्हणजे शेवटच्या घेणाऱ्याकडून, येणारी पोच वापरा. तिच्यात दोष नेमका कुणाचा ते कळत नाही, पण निदान कळल्याचा भास तरी होत नाही.

आता गणित. दोन ‘जशास तसे’ नोड खेळताहेत आणि निरीक्षणात चूक होतेय. पुस्तकात लिहिलेलं असतं, की थोड्याशा गोंधळानंही सहकार्य दीर्घकाळात निम्म्यावर येतं. ते दोन्ही बाजूंनी सारखीच चूक होत असेल तर खरं. वॉचडॉगची चूक मात्र एकतर्फी आहे. वाहिलेलं ‘टाकलं’ असं दिसू शकतं. टाकलेलं ‘वाहिलं’ असं सहसा दिसत नाही. मग एका खोट्या आरोपानं एक नोड रुसतो, दोघं आळीपाळीनं एकमेकांना शिक्षा करू लागतात, आणि त्यात दुसरा खोटा आरोप झाला की दोघंही टाकू लागतात. तिथून परतीची वाटच नाही. चुकीची शक्यता १० टक्के धरली, तर हे होईपर्यंत सरासरी पंधराएक फेऱ्या लागतात. कागदावर करून पाहा, दोघं वाहतात, एकच वाहतो, दोघं टाकतात अशा तीन अवस्थांची मार्कोव्ह साखळी आहे (पुढची अवस्था फक्त आत्ताच्या अवस्थेवर ठरते). फेरी म्हणजे एक पॅकेट धरलंत तर दोन प्रामाणिक नोडांचं नातं सेकंदभरात संपेल. चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रकल्पांच्या सादरीकरणात ‘आमच्या योजनेनं सगळे स्वार्थी नोड पकडले’ हे ऐकलं की मी एवढंच विचारतो: प्रामाणिक किती पकडले?

क्षमा इथे कामाला येते. समोरचा टाकताना दिसला तरी काही शक्यतेनं वाहायचंच. ती शक्यता किती ठेवावी? कायम टाकणाऱ्याला तुमच्या क्षमेतून मिळणारा लाभ प्रामाणिक नोडच्या लाभापेक्षा जास्त होता कामा नये. ५ आणि १ च्या उदाहरणात, चूक नसेल तर, ८० टक्क्यांपर्यंत क्षमा परवडते: आयतखाऊला ५ च्या ८० टक्के म्हणजे ४, प्रामाणिकालाही ४. वर सांगितलेली एकतर्फी चूक १० टक्के धरली तर मर्यादा ७८ च्या आसपास येते, ३० टक्के चूक धरली तरी ७१. म्हणजे लाभ खर्चाच्या पाचपट असेल तर भरपूर उदार राहता येतं. पण लाभ खर्चाच्या दुप्पटच असेल आणि चूक ३० टक्के असेल, तर मर्यादा थेट २९ वर येते. चूक ५० टक्क्यांवर गेली की क्षमेला जागाच उरत नाही. आणि गर्दीच्या नेटवर्कमध्ये नेमकं हेच होतं: एअरटाइम तुटपुंजा म्हणून खर्च वाढतो आणि टकरा जास्त म्हणून चूकही वाढते, दोन्ही एकाच वेळी. विक्रम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेलं क्षमाशील ‘जशास तसे’ पॅकेटऐवजी सत्रांवर चालतं, ते मला त्यामुळेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

रेप्युटेशन योजनांवर फार शब्द खर्च करत नाही. २००२ मधल्या दोन ठळक योजना म्हणजे सोन्या बुखेगर आणि जाँ-इव्ह ल बुदेक यांची कॉन्फिडंट, आणि पिएत्रो मिकियार्दी आणि रेफिक मोल्वा यांची कोअर. पहिलीत नोड एकमेकांना गैरवर्तनाचे इशारे देतात, दुसरीत फक्त चांगल्याच बातम्या पसरू देतात. फरक छोटा वाटतो, पण परिणाम मोठा आहे. वाईट बातम्या चालल्या की बदनामी हे हत्यार होतं. फक्त चांगल्याच चालल्या की खोटी वाहवा. आणि नाव बदलून नव्यानं येणं फुकट असेल, मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) बदलायला कितीसा वेळ लागतो, तर दोन्ही योजना पोकळ ठरतात. प्रकल्पात रेप्युटेशन घेणार असाल तर ओळख बदलणारा नोड घातल्याशिवाय निकाल मांडू नका.

क्रेडिटची कल्पना मोहक आहे. लोझानच्या ईपीएफएलमध्ये बुट्यान आणि ह्युबो यांनी ‘नगलेट’ नावाचं आभासी चलन मांडलं. एका रीतीत पाठवणारा पॅकेटच्या बटव्यात नगलेट भरतो आणि वाटेतला प्रत्येक जण आपली मजुरी काढून घेतो. दुसऱ्या रीतीत वाटेतला प्रत्येक जण पॅकेट आधीच्याकडून विकत घेऊन पुढच्याला विकतो आणि शेवटी भुर्दंड घेणाऱ्याला पडतो. या दुसऱ्या रीतीत पाठवणाऱ्याला काहीच पडत नाही, म्हणजे कचरा ओतायला रान मोकळं. दोन्हींत बटव्यात कुणी हात घालू नये म्हणून प्रत्येक यंत्रात फेरफार न करता येणारी चिप लागते. २००३ मध्ये शेंग झोंग आणि सहकाऱ्यांच्या स्प्राइट योजनेनं चिप काढून टाकली, पण तिच्या जागी मध्यवर्ती हिशोबनीस आणला: नोड पावत्या जपून ठेवतात आणि चांगली जोडणी मिळाली की जमा करतात. ज्या नेटवर्कचं सगळं कौतुक ‘मध्यवर्ती कुणी नाही’ म्हणून, त्यालाच पेढी लागली.

चलन आलं की त्याचे रोगही येतात. टोकाच्या नोडला कमाई नाही, त्यामुळे तो कंगाल. त्याचा दोष इतकाच, की त्याचं घर वस्तीच्या कडेला आहे. मधला गरजेपुरतं कमावतो आणि दुकान बंद करतो. लिलावानं किंमत ठरवावी म्हटलं, तर अँडेरेग आणि आयडेनबेंझ यांनी २००३ मध्ये आणलेली व्हीसीजी रीत आहे. तीत खरा खर्च सांगण्यातच प्रत्येकाचं हित असतं, पण बिल पाहा. समजा सर्वांत स्वस्त मार्गावर तीन नोड, प्रत्येकाचा खर्च १, आणि त्यांतला कुठलाही एक काढला तर पुढचा मार्ग १० चा. मग प्रत्येकाला त्याचा खर्च १ अधिक त्याच्यामुळे वाचलेले ७ (१० उणे ३) म्हणजे ८ द्यावे लागतात. तीनच्या कामाला चोवीस! आणि दुसरा मार्गच नसेल, तर मधल्या नोडची किंमत सूत्रातून निघतच नाही.

आता खऱ्या जगात येऊ. सैन्याच्या किंवा बचाव पथकाच्या नेटवर्कमध्ये सगळे नोड एकाच मालकाचे, तिथे हा खेळच नाही; ‘आपत्तीत उपयोगी’ असं प्रस्तावनेत लिहून पुढे स्वार्थी नोड घालणं हा विनोद आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियातलं गुईफी डॉट नेट हे लोकांनी उभारलेलं नेटवर्क २००४ मध्ये ओसोना भागात सुरू झालं आणि हजारो नोडांपर्यंत वाढलं. तिथे सहकार्य पॅकेटच्या पातळीवर ठरत नाही. जो नोड जोडतो तो सामायिक परवाना मान्य करतो, आणि त्या नेटवर्कवर धंदा करणारे ऑपरेटर कुणी किती गुंतवलं आणि किती वापरलं याचा ताळमेळ घालून एकमेकांचं देणं भागवतात. म्हणजे क्रेडिट आहेच, पण ते माणसांमध्ये, जमाखर्चाच्या वहीत, सावकाश. जर्मनीच्या फ्रायफुंक या सामुदायिक वायफाय चळवळीतल्या मंडळींचा पिको पीअरिंग करारही असाच: माझ्यावरून तुमचं फुकट जाऊ देईन आणि त्यात ढवळाढवळ करणार नाही, हे मालकानं आधीच मान्य करायचं. पॅकेटचा खेळ त्यांनी खेळायलाच घेतला नाही. त्याच्या वरच्या पातळीवर, जिथे माणसं एकमेकांना ओळखतात आणि फेऱ्या वर्षानुवर्षं चालतात, तिथे घेतला. तिथे पुढची फेरी होण्याची शक्यता ०.२ च्या कितीतरी वर असते.

उलट उदाहरण मेशटॅस्टिकचं, म्हणजे छोट्या रेडिओंवरून मजकूर संदेश पाठवणाऱ्या मेश प्रकल्पाचं. आपल्याकडेही हौशी मंडळी ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरा (कमी शक्तीत लांब पल्ल्याचे) रेडिओ घेऊन हे करतात. तिथे रोग नेमका उलटा आहे: वाहायला सगळेच उत्सुक! पॅकेट पसरवण्याची रीत अशी, की नोड थोडा थांबतो, दुसऱ्या कुणी ते पुढे पाठवलेलं ऐकलं तर स्वतः गप्प बसतो. ‘राउटर’ भूमिकेतला नोड मात्र सगळ्यांच्या आधी आणि हमखास पाठवतो. ही भूमिका डोंगरावरच्या नोडसाठी आहे. पण मदत करावी म्हणून कुणी खिडकीतल्या नोडला राउटर केलं, की तो आधी बोलतो, बाकीचे गप्प बसतात, आणि मुळात तीनच असलेल्या उड्यांतली (नोड ते नोड टप्प्यांतली) एक दोन इमारतींत वाया जाते. हेतू चांगला, निकाल वाईट. इथे प्रोत्साहन कशाला द्यायचं? गप्प बसण्याला. ॲड हॉक नेटवर्कच्या गेम थिअरीत हा प्रश्न मला आज जास्त जिवंत वाटतो, आणि त्यावर काम कमी झालंय.

पैसे देऊन पाहिलेला प्रयोगही आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या हीलियम या वायरलेस नेटवर्कनं कव्हरेज दिल्याबद्दल टोकन वाटली. एकमेकांचे सिग्नल ऐकल्याच्या पुराव्यावर बक्षीस असल्यानं काहींनी एकाच जागी अनेक हॉटस्पॉट ठेवून ते दूरदूर असल्याचं भासवलं. बक्षीस ज्या पुराव्याला मिळतं तो पुरावाच पिकवला जातो. तुमच्या योजनेत जे मोजाल, त्याच्या बाबतीतही हेच धरून चाला.

तुमच्या प्रकल्पाकडे परत. एओडीव्ही राहू द्या. स्वार्थी नोड तीन प्रकारचे करा: डेटा टाकणारा, मार्गाची विनंती दाबणारा, आणि काम नसताना झोपणारा. पहिला पकडणं सोपं आहे, दुसऱ्यावर तुमची योजना बहुधा आंधळी ठरेल, आणि तसं आढळलं तर तोच निकाल म्हणून लिहा. वॉचडॉगची चूक हाताने टाकलेला आकडा नको. एनएस-३ च्या भौतिक थरातून टकरांसकट येऊ द्या आणि वाहतूक वाढवत नेताना ती कशी वाढते ते वेगळं दाखवा. क्षमेची शक्यता ० ते १ फिरवा आणि वरच्या मर्यादेशी ताडून पाहा. सरासरी थ्रूपुटचा आलेख दुय्यम ठेवा. मुख्य आलेखात आडव्या अक्षावर नोडचं नेटवर्कच्या मध्यापासूनचं अंतर घ्या, उभ्यावर त्याचा निव्वळ लाभ, आणि प्रामाणिक व स्वार्थी नोड दोन रंगांत दाखवा. शेवटची चाचणी अशी: योजना चालू असताना एकाच नोडची चाल बदला, बाकी सगळे तसेच ठेवा, आणि त्याचा लाभ वाढतो का पाहा. हे प्रत्येक नोडसाठी, वेगवेगळी सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) घेऊन. सिम्युलेशनला रात्रभर लागेल, पण समतोल आहे की नाही याचं उत्तर त्याच धावेतून मिळेल.